बारावा चेंडू

सोमवार, ६ जानेवारी १९७५

जोतिबाचं नाव घेऊन हिशेबाची वही उलटी धरली आहे. पुढून तेल-मीठ, मागून हे. नवी वही कशाला. पंधरा-वीस पानं कोरी आहेत आणि काम दीड महिन्याचंच आहे.

काम असं. शाळेला परिपत्रक आलं आहे. पहिली ते चौथीच्या सगळ्या मुलांना चेंडू फेकायला, नेम धरायला शिकवायचं. पंचवीस फेब्रुवारीला विस्तार अधिकारी साहेब तपासणीला येतील तेव्हा बघणार. बोरमाळच्या शाळेत मास्तर एकच, ते म्हणजे हे. आणि ह्यांचा उजवा हात छातीच्या वर जात नाही. दिवाळीच्या आधी आटपाडीहून येताना सायकल ओढ्यात गेली, खांदा निखळला. मिरजेच्या डॉक्टरांनी बसवला, महिनाभर गळ्यात बांधून ठेवला, आणि सोडताना बजावलं, "गुरुजी, रोज भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी हात वर चढवत न्यायचा. मुंगी चढते तसा. दुखलं तरी सोडायचं नाही." ह्यांनी तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी आकाराम पाटील दारावरून जाताना म्हणाला, "काय गुरुजी, भिंतीला गुदगुल्या करताय व्हय?" झालं, तेवढ्यावर बंद. तेव्हापासून फळ्यावर चौथीतला जोतीराम लिहितो आणि हे खुर्चीत बसून सांगतात.

आज जेवायला वाढताना म्हणाले, "खेळाचा तास तेवढा तू घे. मॅट्रिक आहेस. शाळा कमिटीला मी सांगतो."

मी म्हणाले, "अहो, जन्मात एकदा कुत्र्याला चप्पल मारली, ती शेजारणीच्या तुळशीला लागली."

"मग शीक," म्हणाले.

माझा सोमवारचा उपास. रिकाम्या पोटी 'नाही' म्हणायला सुचलं नाही.

बुधवार, ८ जानेवारी

शाळेच्या पेटीत रबरी चेंडू एक, तोही चिरलेला. मुलं सव्वीस. चिंध्यांचा चेंडू करून पाहिला तर वाऱ्यानं भलतीकडेच गेला.

दुपारी बनाबाईच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या वाड्यावर, गेले. तिची हरणा दुसरीत आहे. उजवा पाय लहानपणीच्या तापात गेला, काठी घेऊन येते. बनाबाई लोकर कातत बसली होती. चेंडूचं सांगितलं तर म्हणाली, "आवं मास्तरीणबाई, त्यात काय? कातरणीतली टाकाऊ लोकर न्या पोतंभर. गुंडाळा घट्ट. आन आमी घोंगड्याला चिंचोक्याची खळ देतो का न्हाई, तशी द्या वरनं. लाकडावानी व्हतंय, पर कुणाला लागत न्हाई."

लोकर फुकट, चिंचोके घरचे. देवानंच वाट दाखवली.

शनिवार, ११ जानेवारी

काल बारा चेंडू झाले. खळ जास्तीची उरली म्हणून टाकवेना, आणखी एक एक हात दिला आणि रिकाम्या गोठ्यात वाळत ठेवले. गोठा दुष्काळात गाय विकल्यापासून रिकामाच आहे.

आज सकाळी पाहते तर उंदरांनी तीन चेंडूंची खळ खाऊन लोकर गोठाभर केलेली. काटकसर करायला जावं तर असं. तीन पुन्हा केले. आता बाराही चेंडू ओसरीवरच्या शिंक्यात. रोज सकाळी मोजायचे आणि लिहायचे.

सोमवार, १३ जानेवारी

पहिला तास. कोंबड्या झाकायचं डालगं उताणं ठेवलं, दहा पावलांवर राखेनं रेघ ओढली. आधी चेंडूला नमस्कार करायला लावला. मुलं हसली, पण केला सगळ्यांनी.

जोतीरामला शिकवायला काहीच नाही. ज्वारीची पाखरं गोफणीनं उठवणारा तो. पाच चेंडू, पाचही डालग्यात. एकोणीस मुलांचं थोडंफार जमेल असं दिसतं. सात जणांचं नाही. पहिलीतली चार अगदी बारकी, चेंडू पुढ्यातच पडतो. एका मुलीला डालगं नीट दिसतच नाही. धुळा म्हणून आहे, नऊ वर्षांचा पण पहिलीतच; तो चेंडू छातीशी धरून उभा राहतो आणि सोडत नाही. सातवी हरणा. फेकायला हात उचलला की काठी सुटते आणि ती पडते. आज दोनदा पडली.

हे खुर्चीतून म्हणाले, "त्या सातांना लिंबाखाली बसव. बघून शिकतील."

बसवलं.

बुधवार, १५ जानेवारी

काल संक्रांत, तिळगूळ वाटला. सगळी गोड बोलली, आज पुन्हा भांडली.

हरणा आपणहून लिंबाखाली जाऊन बसली. म्हटलं, "अगं, एकदा ये तरी." तर म्हणते कशी, "नगं बाई. मी बसते. गुरुजी बी बसत्यात की."

मी रागावले तिला. गुरुजींचं नाव असं घेत नाहीत. हे खुर्चीतच होते, पण हजेरीत डोकं होतं. ऐकलं नसावं.

सोमवार, २० जानेवारी

विहिरीवरून आणि मारुतीवरून परत आल्यावर चेंडू मोजले. अकरा. शिंकं, ओसरी, चुलीमागं, सगळं पाहिलं. दुपारी खेळाच्या तासाला मोजले तर बारा.

मॅट्रिकला गणितात मला एकोणसत्तर होते. बारा म्हणजे काय ते मला कळतं.

गुरुवार, २३ जानेवारी

पुन्हा सकाळी अकरा, दुपारी बारा. आज उंदीर म्हणून गोठ्यात पाहायला गेले. उंदीर नाही. भिंतीपासून दोन हातांवर जमिनीवर खडूची रेघ, आणि भिंतीच्या सारवणावर कमरेएवढ्या उंचीला गोल गोल ठसे, चेंडू आपटल्याचे.

जोतीरामच असणार. शिंक्यातून काढायची अक्कल त्यालाच. शिवाय शाळेचा खडू असा वाया.

मंगळवार, २८ जानेवारी

आज ह्यांनी सांगून टाकलं. पंचवीस तारखेला त्या सात मुलांनी शाळेत यायचं नाही. "आजारी म्हणून लावतो. एकोणीस चांगली फेकतील, साहेब खूश होऊन जातील."

मी म्हणाले, "परिपत्रकात 'सगळ्या' लिहिलंय. मी वाचलंय."

"परिपत्रक लिहिणाऱ्यानं हरणा पाहिलेली नाही." मग म्हणाले, "एक मूल पडलं की साहेब विचारणार, शिकवतं कोण? मग माझा हात विचारणार. फळ्यावर लिहिता न येणाऱ्या मास्तराला काय करतात माहीत आहे? सक्तीची रजा. बदली मास्तर ह्या माळावर येईपर्यंत शाळेला कुलूप."

मी ऐकून घेतलं. ऐकून घेणं म्हणजे हो म्हणणं नव्हे.

ह्यांचं खोटं नाही, तेही कळतं. माझ्यामुळं शाळेला कुलूप लागलं तर? पण हरणाला 'येऊ नकोस' असं बनाबाईच्या तोंडावर कोण सांगणार? मी तर नाही. तिच्याच लोकरीचे चेंडू आहेत.

सोमवार, ३ फेब्रुवारी

रोज सातांना दहा मिनिटं वेगळं घेते. हातात हात धरून फेकायला लावते. काही उपयोग नाही. हरणाला मागून कमरेला धरलं तर दोघी पडलो. मुलं हसली, मग मीही हसले. हे खिडकीशी होते, ते मात्र हसले नाहीत.

जोतिबाला विचारते आहे. 

मंगळवार, ११ फेब्रुवारी

अवस. बिरोबाची पालखी निघाली. आपलं कुलदैवत वेगळं, पण देव सगळे सारखे, म्हणून ओटी घेऊन गेले. भंडारा आणि खोबऱ्याचे तुकडे उधळणं चाललं होतं. पोरं, म्हातारी, बायका, सगळ्यांचे हात वर. माझ्या अंबाड्यात खोबरं अडकलं.

बनाबाईच्या वाड्याशी पालखी थांबली. बनाबाई म्हणाली, "आमची पोर उठत न्हाई, देवालाच खाली यावं लागतंय." पालखीवाल्यांनी आणखी चार पावलं पुढं येऊन खांदे वाकवले. हरणा दगडाला पाठ टेकून बसली होती. काठी बाजूला. तिनं मुठीतला भंडारा खालून वर, अलगद, अक्षता टाकतात तसा टाकला. सगळाच्या सगळा देवाच्या टाकावर. एक कण बाहेर नाही.

मी तिथंच उभी राहिले. पालखी पुढं गेली तरी उभीच.

बनाबाई म्हणाली, "काय वं, अंगात आलं का काय?"

म्हटलं, "नाही. डोक्यात आलं."

बुधवार, १२ फेब्रुवारी

आज सगळ्यांना सांगितलं: ती सगळ्यांची एकच रेघ पुसायची. प्रत्येकाची आपली रेघ, ज्याला जिथून जमेल तिथं. रेघेच्या शेजारी राखेनं आपलं नाव लिहायचं. दहातले पाच डालग्यात गेले की आपणच आपली रेघ एक पाऊल मागं न्यायची. खालून टाका, वरून टाका, उभं राहून टाका, बसून टाका.

जोतीराम सोळा पावलांवर गेला आणि चारदा चुकला. पहिल्यांदाच त्याला काही शिकायला मिळालं. दिसत नाही त्या मुलीसाठी डालग्यात लाल फडकं टाकलं, हळदीकुंकवाच्या ताटावरचं, जुनं. ती पाच पावलांवरून टाकू लागली. हरणाला दगडाशी बसवलं, पाच पावलं. दहातले चार.

धुळाचं कोडं जोतीरामनंच सोडवलं. डालग्यामागं उभा राहून त्यानं हाक मारली, "ये धुळा!" धुळानं छातीचा चेंडू सोडला आणि हाकेकडं भिरकावला. डालग्यात. त्याला लक्ष्य कळत नाही, माणूस कळतं.

रात्रीच्या भाकरी थापताना ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अगं, रेघ एकच असते. नियम असतो."

"पालखीला का नसतो?"

ह्यांनी ताट पुढं ओढलं. मग विचारलं, "हरणाची किती पावलांवर?"

"पाच."

"बसून?"

"बसून. पाठ टेकून. खांदा हलवायचाच नाही, आधी कोपरापासून टाकायचं. मग रोज थोडं थोडं वरून."

"हं," म्हणाले. "कोपरापासून." इतकी चौकशी ह्यांनी खेळाची कधी केली नव्हती. विरोध सोडतील असं वाटतंय.

सोमवार, १७ फेब्रुवारी

चेंडू अकरा, मग बारा. गोठ्यातली रेघ आता भिंतीपासून चार हातांवर. ठसे माझ्या खांद्याच्या वर गेले आहेत.

जोतीरामला पकडलं. "खरं सांग, रोज सकाळी चेंडू नेतोस ना?"

"बिरुबाची आन, मी न्हाई बाई." पण सांगताना ओठ दाबून हसत होता. हरणा हसली. मग सगळा वर्गच हसायला लागला. शिक्षा म्हणून दहा उठाबशा काढायला लावल्या. त्या त्यानं हसत हसतच काढल्या. निर्ढावलेलं पोर.

गुरुवार, २० फेब्रुवारी

हरणा आठ पावलांवर गेली. पहिलीतल्या चौघांपैकी तिघं सहावर.

आज ह्यांनी शाळेतून आल्यावर टोपी स्वतः खुंटीवर अडकवली. दिवाळीपासून ते माझं काम होतं. मी दिवसभर राबते म्हणून दया आली असेल. बरं वाटलं, पण बोलले नाही. बोललं की पुरुषांचा चांगुलपणा थांबतो.

सातांचं अजून काही म्हणालेले नाहीत.

सोमवार, २४ फेब्रुवारी

उद्या तपासणी. उपास आहे.

आज सात घरं फिरले. प्रत्येक आईला सांगितलं, "उद्या धुतलेले कपडे घालून पाठवा." ह्यांना न विचारता केलेलं लग्नानंतरचं हे पहिलंच. बनाबाई म्हणाली, "गुरुजींनी तर निरोप धाडला हुता, पाठवू नगा म्हून. महिना झाला की."

म्हटलं, "तो जुना निरोप. हा नवा."

"कुणाचा?"

"माझा."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मग येतीया पोर."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. लपवून देवापुढं दिवा लावता येईना. वाटलं, आता आवाज चढेल. हे नुसते खुर्चीच्या हाताकडं बघत राहिले. "सगळी सात?" म्हणाले.

"सगळी सात."

"बरं," म्हणाले. उठून बाहेर गेले. रागावले का, कळलं नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सगळं सावकाश लिहिते, नाहीतर काहीतरी राहील.

सकाळी लवकर शाळेत जाऊन राखेनं सव्वीस रेघा ओढल्या. पोरांनी नावं लिहिली. मोजल्या तर सत्तावीस. डालग्याच्या अगदी जवळ, तीन पावलांवर, एक रेघ जास्तीची, बिननावाची. कुणाची तरी खोडी. पुसायला वाकले तर हरणानं काठी आडवी धरली. "असू द्या बाई." "अगं, साहेब विचारतील." "विचारू द्या."

तेवढ्यात फाट्यावरून साहेबांची सायकल आली, रेघ राहिली ती राहिली.

साहेब उंच, गंभीर, हातात शेरेबुक. वाचन झालं, पाढे झाले. फळ्यावरचं जोतीरामचं अक्षर पाहून साहेबांनी ह्यांच्याकडं पाहिलं, पण विचारलं नाही. मग सगळे बाहेर आलो. मी पदर घेऊन लिंबाशी उभी.

"इतक्या रेघा कशाला, गुरुजी? एक रेघ पुरते की."

 हे म्हणाले, "ज्याची त्याला, साहेब."

साहेब चालत चालत नावं वाचू लागले. सोळा पावलांवर जोतीराम, अकरावर कुणी, सहावर कुणी. "आणि हा... धुळा," साहेब मोठ्यानं म्हणाले. धुळाला ती हाक वाटली. छातीशी धरलेला चेंडू त्यानं सरळ साहेबांवर सोडला. शेरेबुक उडालं, पण चेंडू साहेबांनी छातीवर धरला. सगळी शाळा गप्प. धुळा टाळ्या पिटत होता. साहेब म्हणाले, "नेम चांगला आहे." मग मात्र सगळ्यांना हसू फुटलं, साहेबांनाही.

मग फेकणं झालं. सगळे सव्वीस. लाल फडक्यावरही चेंडू लागला. हरणानं आठ पावलांवरून, दगडाला टेकून, पाचातले तीन टाकले. एकही मूल पडलं नाही.

साहेब डालग्यापाशी आले आणि थांबले. "ही कुणाची? नाव नाही."

मी पुढं झाले. "चुकून ओढली गेली असेल साहेब, पुसते मी."

"माझी आहे," हे म्हणाले.

खुर्चीतून उठून आले. खेळाच्या तासाला खुर्ची सोडून ह्यांना रेघेपर्यंत आलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. हरणानं आपल्या हातातला चेंडू दिला आणि हळू सांगितलं, "गुरुजी, बसून मारा. मग खांदा वढत न्हाई." हे म्हणाले, "आज उभ्यानं बघतो."

पहिला बाहेर. ओठ पांढरे झाले. दुसरा डालग्याच्या काठाला लागून बाहेर. पोरं आपापल्या रेघा सोडून जवळ आली. मला एकदम गोठ्याची भिंत दिसली, कमरेपासून खांद्याच्या वर गेलेले ठसे दिसले, खडू दिसला, खुंटीवरची टोपी दिसली. जोतीरामच्या दहा उठाबशा दिसल्या. पोरांना सगळं ठाऊक होतं. सव्वीसच्या सव्वीस जणांना. फक्त चेंडू मोजणारीला नाही.

तिसऱ्या वेळी हात कानाच्या वर गेला. चेंडू डालग्यात.

साहेबांनी विचारलं, "हात कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"पोरांना हे कुणी शिकवलं मग?"

हे मला नावानं हाक मारत नाहीत, चारचौघांत तर नाहीच. लिंबाकडं हात करून म्हणाले, "आमच्या मंडळींनी." मग थांबून म्हणाले, "मलासुद्धा."

मी पदर ओढून लिंबाच्या मागं गेले. डोळ्यात राख गेली होती.

साहेबांचा शेरा ह्यांनी संध्याकाळी वाचून दाखवला. "फेकण्याच्या कौशल्यात सर्व २६ विद्यार्थी व शिक्षक यांनी भाग घेतला." खाली आणखी एक ओळ. "पुढील तपासणीस फळ्यावर शिक्षकांचे हस्ताक्षर दिसावे." पुढची तपासणी जूनमध्ये. रजेचा शब्द कुठं नाही.

जोतीरामला दोन तिळाचे लाडू दिले, उठाबशांबद्दल. एक तिथंच खाल्ला, दुसरा धुळाला दिला.

ह्यांच्याशी गोठ्याचं काही बोलले नाही. ह्यांनीही काढलं नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

पहाटे उठून दिवा लावला, जोतिबाला नारळ कबूल केला होता तो फोडला. विहिरीवर जायच्या आधी गोठ्यात गेले. खडूची रेघ पदरानं पुसली आणि एक पाऊल मागं नवी ओढली. सरळ आली नाही, पण आली.

परत आल्यावर चेंडू मोजले. अकरा.

बारावा शोधला नाही.